आयरिसचं कूळ

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांपैकी सहा पत्रं एकाच शब्दाच्या गोतावळ्यातली निघाली. कुणाला तो शब्द आधार केंद्रात भेटला, कुणाला भाषांतर करताना, कुणाला रसायनशास्त्राच्या तक्त्यात. म्हणून या वेळी ही पत्रं एकत्रच घेते.

प्रश्न: आधारची माहिती दुरुस्त करायला गेलो होतो. वय ७४, बोटांचे ठसे काही उमटेनात. तिथला मुलगा म्हणाला, "आजोबा, आयरिस घेऊ." म्हणजे बुबुळं. घरी आल्यावर नातू म्हणाला, आयरिस ही ग्रीकांची देवी. सूनबाई म्हणाली, आयरिस हे फूल आहे, बुकेत असतं. आम्ही तिघंही बरोबर असू शकतो का? आणि देवीच्या नावाचा असा रोजच्या कामकाजातला शब्द होतो, हे मला तरी चमत्कारिक वाटतं.
– एक निवृत्त बँक कर्मचारी, मिरज

उत्तर: तिघंही बरोबर आहात. पण तुमचं शेवटचं वाक्य वाचलं आणि मला साताऱ्यातलं वडिलांचं दुकान आठवलं. शाईपेनांचं दुकान. विक्री बेताची, दुरुस्तीच जास्त. सकाळी फळ्या काढल्यावर पहिल्या गिऱ्हाइकाचे पैसे हातात पडले की वडील ते नाणं कपाळाला लावत आणि मग गल्ल्यात टाकत. समोरचे कापडवाले तिथूनच विचारायचे, "झाली का भवानी?" भवानी म्हणजे दिवसाची पहिली विक्री. विचारताना तुळजापूरची देवी कापडवाल्यांच्या मनात असेलच असं नाही. त्यांना हिशेब विचारायचा असे. पण शब्द देवीचाच.

आपल्याकडे असे किती शब्द सांगू! 'त्याला लहानपणी देवी आल्या होत्या' म्हणजे आजार. 'देवी काढायला माणूस आलाय' म्हणजे लस टोचायला. सटवाई पाचवी-सहावीच्या रात्री बाळाच्या कपाळी भविष्य लिहायला येते, आणि तिच्याच नावातून निघालेली 'सटवी' ही शिवी होते. घराला लागतो तो अक्काबाईचा फेरा. देवी घरात, बाजारात, आजारपणात वावरते म्हणून तिचं नाव तोंडात बसतं. ग्रीकांच्या आयरिसचंही तसंच झालं.

ती देवांची जासूद. ग्रीक कवी होमरच्या 'इलियड' या महाकाव्यात देवांचा राजा झ्यूस याचा निरोप घेऊन तीच धावते. चोविसाव्या सर्गात अकिलीस या ग्रीक योद्ध्याने ट्रॉयचा राजपुत्र हेक्टर याचं प्रेत अडवून ठेवलेलं असतं. ते परत द्यायला लावायचं म्हणून झ्यूस आयरिसला अकिलीसच्या आईकडे, समुद्राच्या पोटात पाठवतो. ती पाण्यात कशी उतरते? गळाला बांधलेलं शिसं सरळ तळाला जातं तशी. देवीचं येणंजाणं म्हटलं की आपण प्रकाशाचे झोत आणि सुगंध कल्पतो, आणि होमर कोळ्याच्या हातातलं शिसं दाखवतो. मी हा भाग दर पावसाळ्यात एकदा वाचते. वर येऊन ती लगेच दुसऱ्या निरोपाला निघते, हेक्टरच्या म्हाताऱ्या बापाकडे: ऊठ, शत्रूच्या छावणीत जा आणि मुलाला सोडवून आण.

होमरच्याच 'ओडिसी'त निरोप्याचं काम हर्मीस या देवाकडे गेलेलं आहे. पण तिथे इथाका बेटावर एक खादाड भिकारी आहे. त्याचं खरं नाव आर्नेऑस, पण गावातली तरुण मंडळी त्याला 'आयरस' म्हणतात, कारण कुणीही सांगितलं की तो निरोप पोचवून येतो. म्हणजे आयरिसच्या नावावरून रोजच्या बोलण्यातलं नाव पाडायची सुरुवात खुद्द होमरच्याच काव्यात झालेली दिसते.

आता रंगांकडे येते. ग्रीक भाषेत 'इरिस' हे या देवीचं नाव आणि तोच इंद्रधनुष्याचाही शब्द. 'इलियड'मध्ये ग्रीकांचा सेनापती अगामेम्नॉन याच्या चिलखतावरचे नाग इंद्रधनुष्यांसारखे दिसतात असं वर्णन आहे, तिथे हाच शब्द येतो. आपण इंद्रधनुष्य म्हणतो तेव्हा इंद्र वेगळा आणि त्याचं धनुष्य वेगळं. ग्रीकांकडे आभाळातला तो पट्टा आणि ती देवी यांना नाव एकच. हेसिअड या ग्रीक कवीने तिच्या बापाचं नाव थाउमास दिलं आहे, आणि 'थाउमा' म्हणजे नवल, अचंबा. प्लेटोच्या 'थिएटेटस'मध्ये सॉक्रेटिस म्हणतो की तत्त्वज्ञानाची सुरुवात अचंब्यातूनच होते, आणि आयरिसला थाउमासची लेक म्हणणाऱ्याने वंशावळ काही वाईट मांडलेली नाही. इंद्रधनुष्य दिसल्यावर ताट तसंच टाकून अंगणात धावणारं मूल ज्याने पाहिलंय त्याला हे नातं वेगळं समजावून द्यावं लागणार नाही.

इंद्रधनुष्याला जो शब्द, तोच मग रंगांच्या वलयाला आणि बहुरंगी वस्तूला लागला. निळी, जांभळी, पिवळी, पांढरी अशी नाना रंगांत येणारी फुलं 'इरिस' झाली. ख्रिस्तपूर्व चौथ्या-तिसऱ्या शतकातला वनस्पतींचा ग्रीक अभ्यासक थिओफ्रास्टस या झाडाच्या मुळापासून केलेल्या सुगंधाबद्दल लिहितो. ते मूळ आजही अत्तराच्या धंद्यात वापरतात. फ्लॉरेन्सच्या आसपास ते पिढ्यान्‌पिढ्या होत आलंय. खणून, सोलून, वाळवून काही वर्षं ठेवलं की त्याला व्हायोलेटच्या फुलांचा वास सुटतो. इंग्रजीत त्याला 'ऑरिस' म्हणतात, आणि ऑरिस हे आयरिसचंच बोलण्यात घासलं गेलेलं रूप. सूनबाईंना हेही सांगा की काश्मीरमध्ये ही फुलं कबरींवर लावतात.

डोळ्यातलं रंगीत कडंही आयरिस झालं. निळे, करडे, हिरवे, तपकिरी असे डोळे एकाच गावात दिसत असतील तर त्या कड्याला इंद्रधनुष्याचं नाव सुचणं साहजिक आहे. आपल्याकडे बहुतेकांचे डोळे तपकिरी. कुणाचे पिंगट, एखाद्याचे घारे. म्हणून आपलं बुबुळ रंगावर गेलं नाही. डोळ्यातलं जे काळं, गोल, फिरतं दिसतं, ते सगळं मिळून बुबुळ. पुढे शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकाने विभागणी केली: रंगीत पडदा तो बुबुळ आणि त्याच्या मधलं भोक ती बाहुली.

उद्या सकाळी उन्हाच्या कवडशात आरसा घेऊन तुमचं बुबुळ बघा. लांबून काळंभोर वाटणारा डोळा जवळून कातरलेल्या सुपारीसारखा दिसतो: बाहुलीपासून बाहेर जाणाऱ्या रेघा, मधेच एखादी वळलेली, मधेच खळगा. ही नक्षी आईच्या पोटातच तयार होते. डाव्या-उजव्या डोळ्यातली सारखी नसते, जुळ्या भावंडांचीही सारखी नसते. आधारचं यंत्र डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त प्रकाशात फोटो काढतं, त्यामुळे गडद तपकिरी बुबुळातल्या रेघाही उमटतात. पहिलं आधार २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत दिलं गेलं. आयुष्यभर शेतात राबून किंवा नोटा मोजून ज्यांच्या बोटांवरच्या रेघा पुसट झाल्या, त्यांची ओळख पटवायला ही सुपारीसारखी नक्षी उपयोगी पडते. तुमच्या बाबतीत तेच झालं.

प्रश्न: एका इंग्रजी ललित लेखाचं भाषांतर करते आहे. लेखिकेने कबुतराच्या मानेला 'इरिडेसंट' म्हटलंय. मी 'इंद्रधनुषी' लिहिलं. संपादक म्हणाले, कबुतराच्या मानेवर सात रंग कुठे आहेत? दुसरी शंका: हा शब्द आयरिसपासून आला म्हणतात, मग आयरिसमध्ये नसलेला 'ड' कुठून आला?
– एक भाषांतरकार, पुणे

उत्तर: 'ड'चं आधी सांगते, कारण मराठी माणसाला ते चटकन कळेल. आपण 'पाऊसात' म्हणत नाही, 'पावसात' म्हणतो. 'माणूसाला' नाही, 'माणसाला'. प्रत्यय लागायच्या आधी शब्द जे रूप घेतो ते सामान्यरूप. ग्रीकमध्येही असंच आहे. कर्ता असेल तेव्हा 'इरिस', आणि 'इरिसचा' म्हणायचं झालं की 'इरिदोस'. पुढचे शब्द घडले ते 'इरिद' या रूपापासून. म्हणून इरिडेसंटमध्ये ड आहे, इरिडियममध्ये आहे, काचबिंदूच्या काही रुग्णांच्या बुबुळाला लेसरने बारीक भोक पाडतात त्या 'इरिडॉटमी'तही आहे. बुबुळाला सूज येते तो 'आयरायटिस' मात्र सामान्यरूप न करताच बनवला गेला. मी वर्गात असते तर त्याच्याखाली लाल रेघ मारली असती, पण डॉक्टर मंडळींच्या तोंडी तो इतका रुळलाय की आता तोच बरोबर.

स्पेलिंगचंही याच ओघात सांगते. इरिडेसंटमध्ये 'आर' एकच. इर्रेग्युलर, इर्रिस्पॉन्सिबल या शब्दांतला दुहेरी आर नकारातून आलेला आहे. इथे नकार नाही, देवी आहे. तीस वर्षं मुलांना हे असंच सांगत आले, आणि एकदा ऐकलेली मुलं सहसा पुन्हा चुकली नाहीत.

शब्दाची शेपटी लॅटिन आहे, आणि तिचा अर्थ 'होऊ लागलेलं'. अ‍ॅडोलेसंट म्हणजे मोठा होऊ लागलेला, कॉन्व्हलेसंट म्हणजे बरा होऊ लागलेला. तसं इरिडेसंट म्हणजे इंद्रधनुष्य होऊ लागलेलं. अठराव्या शतकाच्या अखेरीस कुणीतरी ग्रीक देवीला ही लॅटिन शेपटी जोडली, आणि माझ्या मते इंग्रजीतल्या सुंदर जोडकामांपैकी हे एक आहे.

आता मराठी. संपादकांचं म्हणणं मला पटतं. इंद्रधनुष्यातला तांबडा तांबड्याच्या जागी असतो, जांभळा जांभळ्याच्या. सगळे एकाच वेळी दिसतात. कबुतराच्या मानेचं तसं नाही. तिथे एका वेळी एक-दोनच रंग दिसतात, आणि कबुतराने मान वळवली की हिरव्याचा जांभळा होतो. त्या पिसांत हिरवा किंवा जांभळा रंग भरलेला नसतोच. पिसाच्या घडणीतल्या अतिशय पातळ थरांवरून प्रकाश परततो, त्यातले काही रंग एकमेकांना जोर देतात, काही मारतात. बघणाऱ्याचा कोन बदलला की हिशेब बदलतो. साबणाचा फुगा, ओल्या डांबरावर सांडलेलं डिझेल, मोराचं पीस, शिंपल्याची आतली बाजू, सगळीकडे कमीजास्त फरकाने हेच. चंद्रशेखर वेंकट रामन यांना याचं वेड होतं. १९३० च्या दशकात त्यांनी शंख-शिंपल्यांच्या या रंगांवर शोधनिबंध लिहिले.

मराठीत यासाठी विशेषण शोधू नका, 'झाक' घ्या. आपण म्हणतोच, 'हिरवट झाक मारतेय.' झाक हा शब्दच पक्क्या रंगाचा नाही. ती येते, जाते, उजेडावर अवलंबून असते. 'मान वळली की हिरव्यावरून जांभळ्यावर जाणारी झाक' एवढं लिहिलंत तर कबुतर जिवंत होईल. शब्द वाढले तरी वाढू द्या. पैठणीवाल्यांचा 'धूपछाव' हा शब्दही तुमच्या मनात येईल. तो देखणा आहे, पण तो रंगाच्या दोन धाग्यांचा खेळ आहे, ताणा म्हणजे उभा धागा एका रंगाचा आणि बाणा म्हणजे आडवा दुसऱ्या रंगाचा. साडीसाठी तो राखून ठेवावा असं मला वाटतं. पिसांना झाक पुरते.

प्रश्न: मी अकरावी सायन्सला आहे. सर म्हणाले, इरिडियमचं नाव रंगांवरून पडलं. पण पुस्तकातल्या फोटोत तो चांदीसारखा पांढरा दिसतो. मग रंग कुठले? आणि हा धातू कुठे वापरतात?
– एक विद्यार्थिनी, लातूर

उत्तर: बाळ, सर बरोबर आहेत आणि फोटोही बरोबर आहे. धातू पांढुरका, त्याचे क्षार रंगीत.

लंडनमध्ये स्मिथसन टेनंट नावाचे रसायनशास्त्रज्ञ होते. कच्चं प्लॅटिनम आम्लराजात, म्हणजे नायट्रिक आणि हायड्रोक्लोरिक आम्लांच्या मिश्रणात विरघळवलं की भांड्याच्या तळाशी थोडी काळी भुकटी उरायची. इतरांना ती शिसपेन्सिलीतल्या ग्रॅफाइटसारखं काहीतरी वाटली. टेनंटनी १८०३ मध्ये त्या भुकटीच्या मागेच लागून तिच्यातून दोन नवी मूलद्रव्यं काढली. एकाच्या संयुगाला उग्र वास, म्हणून ग्रीक 'ऑस्मे' म्हणजे वास यावरून त्याचं नाव ऑस्मियम. दुसऱ्याचे क्षार नाना रंगांचे निघाले, म्हणून ते आयरिसच्या नावाने इरिडियम. भांडं धुताना ओतून द्यायचा गाळ होता तो! टेनंट १८१५ मध्ये फ्रान्समध्ये घोड्यावरून पूल ओलांडत होते, तो पूल कोसळून गेले.

आता हा धातू मी कुठे पाहिला ते सांगते. वडिलांच्या दुकानात संध्याकाळी गर्दी कमी झाली की ते डोळ्याला भिंग लावून निबा तपासायचे. एकदा त्यांनी भिंग माझ्या डोळ्याला लावून दिलं. निबेच्या अगदी टोकाला, खसखशीच्या दाण्याहून लहान, पांढरट गोळी चिकटवलेली. तिच्या मधोमध केसाएवढी चीर, आणि चिरेत शाईची निळी रेघ. "एवढीच लिहिते, बाकीची निब नुसती तिला धरून बसते," वडील म्हणाले. स्टील असो की सोनं, कागदावर घासून निबेचं टोक झिजतं. म्हणून तिथे इरिडियमसारख्या कठीण धातूची गोळी जोडायची, मग चीर पाडायची आणि घासून गुळगुळीत करायची. पेन खाली टोकावर पडलं की ही गोळी उडायची. गिऱ्हाईक शाई येत नाही म्हणून पेन आणायचं, आणि वडील भिंगातून एकदाच बघून म्हणायचे, "पॉइंट गेला." त्यावर इलाज नसे, निबच बदलावी लागे. पुष्कळ निबांवर कोरलेलं असायचं: इरिडियम पॉइंट. आजही असतं. मात्र आजच्या बहुतेक निबांच्या टोकाला दुसरे कठीण धातू असतात, इरिडियम अगदी थोडं किंवा मुळीच नाही. टोकातून इरिडियम गेलं तरी निबेवर त्याचं नाव राहिलं.

एक लिटरची बाटली इरिडियमने भरली तर तिचं वजन साडेबावीस किलो होईल. पाण्याची एक किलो! ते वितळायला २४४६ अंश सेल्सिअस लागतात, आणि आम्लराजही त्याला सहसा धजत नाही. म्हणूनच १८८९ मध्ये जगाचा प्रमाण किलोग्रॅम ठरवताना ९० टक्के प्लॅटिनममध्ये १० टक्के इरिडियम मिसळून त्याचा दंडगोल केला. त्याची ५७ क्रमांकाची प्रत दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून किलोग्रॅमची व्याख्या निसर्गातल्या एका स्थिरांकावरून होते, तोवर जगातली सगळी वजनं शेवटी त्या दंडगोलाशी ताडली जात होती.

तू लातूरची आहेस, म्हणून आणखी एक सांगते. पृथ्वीच्या कवचात इरिडियम फार दुर्मिळ. पृथ्वी वितळलेली होती तेव्हा ते लोखंडाबरोबर खोल गाभ्यात उतरलं. अशनींमध्ये मात्र ते कितीतरी जास्त असतं. १९८० मध्ये लुई आणि वॉल्टर अल्वारेझ या बापलेकांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इटलीतल्या गुबिओजवळच्या चिकणमातीच्या एका बोटभर थरात इरिडियम नेहमीपेक्षा सुमारे ३० पट असल्याचं दाखवलं. थर ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, डायनोसॉर गेले त्याच वेळचा. त्यावरून त्यांनी म्हटलं की त्या वेळी एक प्रचंड अशनी पृथ्वीवर आदळला. पुढे मेक्सिकोच्या युकातानमध्ये त्याचं विवरही ओळखलं गेलं. पण त्याच सुमारास आपल्याकडे काय चाललं होतं? सह्याद्रीपासून तुमच्या लातूरपर्यंत आणि त्याच्याही पलीकडे लाव्हा थरावर थर पसरत होता. तुमच्या शेतातली काळी माती ही त्याच दगडाची माती. त्या विनाशात या लाव्हाचा वाटा किती, यावर भूशास्त्रज्ञ अजून हमरीतुमरीने भांडतात. कच्छमधल्या अंजारला लाव्हाच्या दोन थरांमध्ये सापडलेल्या गाळात इरिडियमचे पातळ थर मिळाले, तेव्हा त्या भांडणात आपल्या दगडांचीही साक्ष निघाली. सरांना सांगून वर्गात एकदा हा विषय काढ.

उपग्रह-फोनचं 'इरिडियम' नावाचं जाळं आहे, तेही याचंच. आधी ७७ उपग्रह सोडायचं ठरलं होतं आणि इरिडियमचा अणुक्रमांक ७७, म्हणून ते नाव. नंतर ६६ मध्ये काम भागलं, नाव बदललं नाही.

प्रश्न: माझी आजी पोर्तुगीज शाळेत शिकली होती. इंद्रधनुष्य दिसलं की ती 'आर्कु-ईरिश' म्हणायची. त्यातला ईरिश म्हणजे आयरिसच का?
– एक वाचक, मडगाव

उत्तर: हो. आर्कु म्हणजे कमान. आयरिसची कमान. स्पॅनिशमध्येही 'आर्को ईरिस'. फ्रेंच लोक नुसती 'आकाशातली कमान' म्हणतात, इंग्रज 'पावसाचं धनुष्य'. रोजच्या बोलण्यातल्या इंद्रधनुष्यात देवी जपली ती तुमच्या आजीच्या पोर्तुगीजने.

प्रश्न: आमच्या इथल्या एका सेवा केंद्राच्या पाटीवर 'आयरिश स्कॅन' लिहिलंय. आयरिश आणि आयरिस यांचा काही संबंध?
– एक वाचक, नाशिक

उत्तर: संबंध नाही, पाटीवर 'आयरिस' हवं. आयरिश म्हणजे आयर्लंडचा. मात्र गंमत अशी की त्या देशाचं त्यांच्या भाषेतलं 'एरा' हे नाव एरिउ नावाच्या त्यांच्या देवीवरून आलेलं आहे. म्हणजे पाटी रंगवणाऱ्याने एका देवीच्या जागी दुसरी देवी बसवली. पाटी दुरुस्त करायला सांगा, पण ही गोष्टही त्याला सांगा.

प्रश्न: डोळ्याच्या बाहुलीला इंग्रजीत 'प्युपिल' म्हणतात आणि विद्यार्थ्यालाही प्युपिल. शिक्षकाला विद्यार्थी डोळ्याच्या बाहुलीइतका जपावासा वाटतो, म्हणून का? शिक्षकदिनाच्या भाषणात वापरायचं आहे.
– एक प्राथमिक शिक्षिका, कोल्हापूर

उत्तर: भाषणात वापरू नका, बाई. कल्पना गोड आहे, पण खरी नाही. लॅटिनमध्ये 'प्युपा' म्हणजे मुलगी किंवा बाहुली. तिचं लहान रूप 'प्युपिला', म्हणजे चिमुकली बाहुली. तिकडून डोळ्यातली प्युपिल आली. पालकाच्या ताब्यात दिलेल्या पोरक्या मुलाला 'प्युपिलुस' म्हणत, तिथून विद्यार्थी आला. मूळ एक, वाटा दोन.

खरी गोष्ट याहून चांगली आहे, ती भाषणात सांगा. डोळ्यातल्या या काळ्या भोकाला मराठीत बाहुली, लॅटिनमध्ये चिमुकली बाहुली, संस्कृतात कनीनिका म्हणजे लहानगी मुलगी, आणि ग्रीकमध्ये 'कोरे', म्हणजेही मुलगीच. एवढ्या भाषांना एकच का सुचलं? कारण समोरच्याच्या डोळ्यात जवळून बघितलं की आपणच तिथे एवढेसे दिसतो. प्लेटोच्या नावावर असलेल्या 'अल्सिबायडीस' या संवादात सॉक्रेटिसही हेच सांगतो.

आणि 'कोरे' हे डिमीटर या धान्यदेवीच्या लेकीचं, पर्सेफोनीचंही नाव. दोन बाहुल्या लहानमोठ्या दिसल्या की डोळ्यांचे डॉक्टर 'अ‍ॅनिसोकोरिया' लिहितात, त्यातला 'कोरिया' ही हीच मुलगी. मागच्या वर्षी मोतीबिंदूच्या तपासणीसाठी माझ्या एका डोळ्यात बाहुली मोठी करायचे थेंब घातले होते. घरी आले तर नात माझ्या मांडीवर चढून दोन्ही डोळ्यांत आळीपाळीने बघत बसली. एका डोळ्यात बुबुळाची नुसती तपकिरी कड उरली होती, बाकी सगळी काळी बाहुली. "आजी, या डोळ्यात मी मोठ्या खोलीत आहे," ती म्हणाली.

'हायजीन' आणि 'पॅनेशिया' या दोन शब्दांबद्दल विचारणारं नागपूरचं पत्र शेवटी उरलं. तेही देव-कन्यांचे शब्द: हायजिया आणि पॅनेशिया या वैद्यदेव अस्क्लेपिअसच्या मुली, आणि हिपोक्रेटिसच्या शपथेत दोघींची नावं घेतलेली आहेत. त्यांना पुढच्या अंकात पुरेशी जागा देते. तोवर एक काम करा. दिवसाच्या पहिल्या विक्रीला तुमच्या भागात भवानी म्हणतात, बोहनी म्हणतात की आणखी काही, ते गाव आणि तालुक्यासह लिहून पाठवा. दुकानदाराच्या तोंडचं अख्खं वाक्य मिळालं तर फारच बरं.